उकिरड्याला आडोसा करा, पण त्याच्याकडे पाठ फिरवू नका



बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपल्याकडे म्हणतात. पण त्यासाठी बारा वर्षे थांबायची गरज नाही. घराजवळचा उकिरडा आणि कचऱ्याचे डबे ही जागा एका पावसाळ्यात नीटनेटकी करता येते, तीही बाजारातून फारसे काही न आणता.

आपण अंगण सारवतो, दारात तुळस लावतो. पण पाहुण्याची नजर आधी जाते ती कोपऱ्यातल्या उघड्या डब्यावर आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्यांवर. शेजाऱ्याशी कुरबुरी होतात त्याही बहुधा याच कोपऱ्यावरून. म्हणून आडोसा हवाच. मात्र झाकलेली घाण ही घाणच असते, हे विसरून चालणार नाही.

जागा कशी निवडावी?

विहीर किंवा हातपंपापासून उकिरडा निदान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि कुजण्याचा वासही त्याच दिवसांत जास्त. त्यामुळे घराच्या पश्चिमेला उकिरडा असला की वास थेट स्वयंपाकघरात येतो. शक्यतो ती बाजू टाळावी.

आडोसा कशाचा करावा?

तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या घरच्याच असतात. त्यांचा चार फूट उंचीचा कूड तीन बाजूंनी उभा करावा. चौथी बाजू पाटी, घमेले नेण्यासाठी मोकळी ठेवावी. मेढी पुरण्यापूर्वी त्यांच्या बुडाला डांबर लावावे, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. डबा आणि कूड यांच्यात दोन फूट अंतर राहू द्या. झाडायला जागा मिळते आणि हवाही खेळते.

जूनमध्ये कुडाच्या बाहेरच्या बाजूने दोडका, घोसाळे किंवा गोकर्णाचा वेल सोडावा. दोडका-घोसाळ्याचा वेल पावसाळ्यानंतर वाळून जातो, म्हणून कायमचा आडोसा हवा असेल तर त्याच पावसात अडुळसा लावावा. वीतभर लांबीची छाटे कलमे दीड-दीड फुटावर खोचली की ती सहज फुटतात. अडुळसा बारमाही हिरवा राहतो आणि शेळ्या-गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मोरीचे सांडपाणी त्या बाजूला जात असेल तर तिथे कर्दळ लावा. ती ते पाणी शोषून घेते आणि फुलतेही छान.

कण्हेर मात्र लावू नका. तिचे सगळे भाग विषारी आहेत आणि उकिरड्याकडे गुरे, शेळ्या हमखास फिरकतात. घाणेरीही नको. तीही जनावरांना बाधते आणि पसरली की आवरत नाही.

झुडूप दाट, पण बूड मोकळे

आता महत्त्वाची गोष्ट. उष्ट्या-खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. झुडपांच्या बुडाशी दाट पाला साचला, तर घराजवळच सापाला लपायला जागा मिळते. म्हणून जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच्या फांद्या छाटून टाका. अंधारात तिकडे जाताना बॅटरी आणि पायात चप्पल-बूट हवेतच. लहान मुलांच्या हाती कचरा देऊन रात्री पाठवू नका.

दुसरी गोष्ट माश्यांची. उबदार हवेत अंड्यापासून माशी तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. डेंगीचा डास करवंटीत, टायरात, प्लास्टिकच्या पेल्यात साचलेल्या पाण्यात वाढतो, त्यालाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. आडोशामागे काय साचले आहे ते दिसत नाही, म्हणून वार ठरवून घ्या. आठवड्यातून एकदा डबे पूर्ण रिकामे करून, धुऊन पालथे घालायचे.

ओल्या कचऱ्याचे सोने

डबे दोन ठेवा. भाजीचे देठ, शिळे अन्न, पालापाचोळा एकात. प्लास्टिक, काच, पत्रा दुसऱ्यात. प्लास्टिक जाळू नका आणि खतात जाऊ देऊ नका. उघड्या उकिरड्यातला नत्र उन्हाने उडून जातो आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे शेतात उरतो तो अर्धामुर्धा चोथा. त्याऐवजी पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, म्हणजे आपले नाडेप काका, यांच्या पद्धतीने १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधा. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर देऊन वरून लिंपले आणि ओल टिकवली, की तीन-चार महिन्यांत चांगले खत मिळते. टाक्याभोवती वेल लावा, पण विटांमधली छिद्रे बुजू देऊ नका. एवढे मोठे टाके भरण्याइतका कचरा नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून बांधावे.

ग्रामपंचायतीने काय पाहावे?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी चौकातल्या, बाजारतळावरच्या कचरापेट्यांनाही असा आडोसा करावा. पण त्याची उंची छातीच्या वर नको आणि जागा दिव्याच्या उजेडात हवी. उंच, अंधारी भिंत केली की तिच्यामागे लोक आडोशाला बसू लागतात आणि बायाबापड्यांना त्या वाटेने जायची भीती वाटते. घंटागाडी पेटीपर्यंत पोचेल एवढी वाट ठेवा. शाळा आणि अंगणवाडीच्या भिंतीलगत पेटी ठेवू नका. पेटी कोण, कोणत्या वारी रिकामी करणार, हे ग्रामसभेत ठरवून फळ्यावर लिहा. हे ठरत नसेल तर झाडे लावण्याची घाई करू नका, कारण ती फक्त कचरा लपवतील.

अडुळशाची कलमे गावात कुणाच्या ना कुणाच्या बांधावर असतातच. मृगाचा पाऊस पडला की पहिल्या वाफशावर ती मागून आणा आणि लावा. आणि दर आठवड्याला त्या हिरव्या पडद्यामागे एकदा डोकावून बघा.