आंतरराष्ट्रीय अभ्यास (डहाणू व तलासरी)

आंतरराष्ट्रीय अभ्यास ही राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र व आंतरराष्ट्रीय कायदा यांना एकत्र आणणारी ज्ञानशाखा आहे. भारतात ती दीर्घकाळ मुख्यत्वे पदव्युत्तर स्तरावर शिकवली गेली. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी येथील विद्यार्थ्याचा मार्ग बहुधा कला शाखेच्या राज्यशास्त्रातून जातो. तलासरीचे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीत असल्याने घरी वारली बोलणाऱ्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांची दुहेरी कसोटी लागते.

या विषयातील एक गाजलेला खटला मात्र तलासरीच्या शिवेलगतचा आहे. शेजारचे दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. दमणहून तेथे जाण्याचा हक्क भारताने डावलल्याची तक्रार पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात केली. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता हक्क मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नाकारला. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही न्यायालयाने ठरवले. सार्वभौमत्व व रूढ प्रथा यांतील ताण समजावण्यास दूरदेशीच्या दाखल्यांपेक्षा हा दाखला अधिक उपयोगी ठरतो. वारली समाजाची वस्ती या सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे.