मॅनिफोल्डचे पॅकिंग : किंमत थोडी, खोळंबा मोठा

बेकरीचा पाव, शिवून तयार झालेले कपडे, फर्निचरचे सुटे भाग, मंडपाची भांडी असा छोट्या धंद्यातला माल अजूनही ठिकठिकाणी जुन्या मारुती व्हॅनमधून हलतो. १९८४ मध्ये बाजारात आलेली ही गाडी पुढे ओम्नी नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यातले ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन मारुती ८०० मधलेच. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या अशा गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. चोक बंद केला की स्लो रनिंग टिकत नाही, चौकात गाडी बंद पडते, चढावर मिसिंग करते आणि पेट्रोल जास्त खाते. मालक आधी प्लग बदलतो, मग कार्ब्युरेटर साफ करवतो, शेवटी नवा कार्ब्युरेटर बसवतो. तरी तक्रार तशीच राहते. अशा वेळी दोष इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये असू शकतो, आणि ते सर्वांत स्वस्त असल्यामुळे तिकडे कोणी पाहत नाही.

दोष कसा घडतो?

कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा मोजून मिसळतो. मॅनिफोल्ड ते मिश्रण तिन्ही सिलिंडरांना वाटून देतो. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या मधला सांधा बंद ठेवणे हे पॅकिंगचे काम. वर्षानुवर्षे तापून आणि निवून पॅकिंग कडक होते, नट सैल पडतात आणि इंजिन त्या फटीतून जास्तीची हवा ओढू लागते. स्लोवर आत येणारी एकूण हवाच थोडी असते, त्यामुळे ही चोरटी हवा तिथे जास्त भारी पडते. वेगात हाच दोष झाकला जातो.

मिश्रण पातळ झाले की एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही जळण होत नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि पीयूसीच्या तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. कोणी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवून दिले, तर दोष लपतो आणि खर्च मात्र रोजचा होऊन बसतो.

या इंजिनात पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून मॅनिफोल्डमधून इंजिनचे गरम पाणीही फिरते. पॅकिंग त्या बाजूने गेले, तर रेडिएटरचे पाणी कमी होत जाते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी भरण्याच्या सवयीमुळे ॲल्युमिनियमचे फेस खाल्ले जातात, तेही एक कारण आहे.

आधी खात्री करा

गाडी सुरू करून स्लोवर ठेवा आणि रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्याजवळून फिरवा. फुसफुस ऐकू आली तर त्या जागी साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब सोडा. इंजिनचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच जाते. यासाठी पेट्रोल किंवा स्प्रे वापरू नये, गरम इंजिनावर आग लागते. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग हेही याच वेळी तपासावे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर सर्रास मिळू लागल्यापासून जुन्या रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवणे अधिकच गरजेचे झाले आहे.

काम कसे करावे?

इंजिन पूर्ण थंड असावे. व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते, म्हणून आधी सीट उचलून जागा मोकळी करावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. रेडिएटरचे पाणी काढून घ्यावे. एअर क्लीनर, ॲक्सिलरेटर व चोकच्या केबल आणि नळ्या सोडवताना प्रत्येकीला कागदाची खूणचिठ्ठी बांधावी. पेट्रोलच्या नळीचे तोंड बंद करावे. आसपास विडी-सिगारेट किंवा शेगडी नको.

नट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करावेत. मॅनिफोल्ड निघाला की हेडच्या भोकांत स्वच्छ फडके घालावे, म्हणजे कचरा आत पडणार नाही. जुने पॅकिंग ओले करून लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावे. जुन्या पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो, म्हणून ते कोरडे घासून धूळ उडवू नये. ॲल्युमिनियम मऊ असते. पटाशीचा एक ओरखडा पडला तरी नवे पॅकिंगही गळते.

मग फेसवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घालून पाहावे. ०.१० मिलिमीटरचे पाते आत शिरत असेल, तर मॅनिफोल्ड वर्कशॉपमध्ये देऊन फेस मारून घ्यावा. ही पायरी गाळल्याने केलेली मेहनत वाया जाते.

पॅकिंग घेताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगावे व जुने सोबत न्यावे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ येथे असे भाग मिळतात. साधा पुठ्ठा कापून बसवू नये, आणि जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. फडकी काढून, भोके जुळवून पॅकिंग कोरडेच बसवावे. सर्व नट हाताने लावल्यावर मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. आवळणी साधारण २ किलोग्रॅम-मीटर असते. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. जास्त जोर लावल्यास स्टड तुटतो किंवा हेडची चूड जाते.

शेवटी कूलंट भरून, हवा काढून गाडी चालू करावी आणि गळती पाहावी. इंजिन निवल्यावर पाणी पुन्हा पाहून भरावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

मिस्त्रीकडे कधी जावे?

डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसत असेल, पांढरा धूर थांबत नसेल किंवा स्टड तुटला असेल, तर घरी हात घालू नये. दोष हेड गॅस्केटचाही असू शकतो. एलपीजी किंवा सीएनजीचे किट असल्यास काम जाणकारानेच करावे.

सवय नसलेल्याला या कामाला अर्धा दिवस लागतो. तेव्हा सुटीच्या दिवशीच ते हाती घ्यावे, म्हणजे माल आणि गिऱ्हाईक दोन्ही अडणार नाहीत. मात्र कार्ब्युरेटर बदलण्यावर खर्च करण्याआधी हे पॅकिंग पाहून घ्यावे, असे आम्ही आवर्जून सांगतो.