दिवाळे, दुष्काळ आणि देव

मध्य रेल्वेच्या विक्रोळी व भांडुप या स्थानकांच्या मधले कांजूरमार्ग ही एकेकाळी कारखान्यांच्या पाळ्यांवर दिवस मोजणारी वस्ती होती. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांच्या भरवशावर कोकणातून व घाटावरून आलेल्या कुटुंबांनी या परिसरात संसार मांडले. पुढे या पट्ट्यातील अनेक कारखाने बंद पडले वा अन्यत्र गेले आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. इमारतींचे मजले कोणालाही मोजता येतात. परंतु फाटकाला कुलूप लागल्यावर घरी परतलेल्या माणसाच्या मनात काय कोसळले, याची मोजदाद होत नाही. वाण्याची उधारी आणि मुलांची फी यांची चिंता असतेच. पण त्याहून अधिक पोळते ती लाज. चार माणसांत मान वर करून बसण्याचे बळच नाहीसे होते.

अशा वेळी ओठांवर देवाचे नाव येते. हे दुबळेपणाचे लक्षण मानावे काय? आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. देवावर हवाला टाकून हातपाय गाळणारे आहेत आणि अडलेल्याच्या गळ्यात ताईत बांधून त्याचा खिसा रिकामा करणारेही आहेत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. मात्र श्रद्धेचा बाजार मांडला जातो, एवढ्यावरून श्रद्धेचे सारे मोल ठरत नाही.

याबाबत तुकोबांची साक्ष मोलाची आहे. १६३० च्या सुमारास दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. तुकोबांचा व्यापार बुडाला, प्रतिष्ठा गेली, पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात त्यांनी हे काहीही लपविलेले नाही. लाज वाटल्याचेही ते सांगतात. पण विचार करण्याजोगे आहे ते त्यापुढचे. देव प्रकटला आणि धान्याची कोठारे भरली, असे ते सांगत नाहीत. देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले, असे सांगतात. एकादशीला कीर्तन आरंभिले तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते. म्हणून संतांची वचने आदराने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले आणि देह कष्टवून जमेल तेवढा परोपकार केला. आशा त्यांच्याकडे चमत्काराच्या रूपाने आली नाही. ती कामाच्या रूपाने आली.

परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. वडिलोपार्जित सावकारीतील कर्जखतांपैकी भावाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी स्वतःचा वाटा इंद्रायणीत सोडून दिला. स्वतः नागवला गेलेला माणूस दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरवितो, हीच त्याच्या श्रद्धेची खूण होय.

उपनगरांतील चाळींत भजनी मंडळे टिकून राहिली, त्याचेही मर्म येथेच सापडते. भजनाने थकलेला पगार मिळत नाही, हे टाळ वाजविणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु जो लाजेने घरात कोंडून बसला असता, त्याला तेथे मागच्या रांगेत जागा मिळते. नोकरी आहे की गेली, हे ध्रुपद धरणाऱ्याला कोणी विचारीत नाही. चार जणांत पुन्हा आवाज काढता आला, की कामासाठी चार दारे ठोठावण्याचा धीरही हळूहळू येतो.

२०२० च्या महामारीत राज्यातील मंदिरांची दारे महिनोन्महिने बंद राहिली. त्या वर्षी संतांच्या पादुका पायी दिंडीविना, एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या. गाभारा बंद असता देव कोठे शोधावा, या प्रश्नाचे उत्तर अनेकांनी शेजाऱ्याच्या घरी शिधा पोहोचवून दिले.

देवावरील भरवसा संकट टाळील, अशी हमी कोणत्याही संताने दिलेली नाही. बंद कारखान्यातील कामगाराची देणी त्याला मिळालीच पाहिजेत. ती मालकाची व शासनाची जबाबदारी आहे आणि देवाचे नाव घेऊन कोणालाही ती झटकता येणार नाही. पण त्या हक्कासाठी उभे राहावयासही आधी मन उभे राहावे लागते. ज्या श्रद्धेने खचलेला माणूस उठतो आणि उठताना शेजाऱ्यालाही हात देतो, तिला दुबळेपणा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.