उभ्या गाडीची उतरलेली बॅटरी

ठाणे-बेलापूर मार्गाच्या उत्तर टोकाला वसलेल्या दिघ्यात 12 जानेवारी 2024 रोजी दिघा गाव हे रेल्वे स्थानक सुरू झाले आणि ठाणे व ऐरोली यांच्यामधल्या या वस्तीला ट्रान्स-हार्बर मार्गावर स्वतःचा थांबा मिळाला. नोकरदार माणूस लोकलने कामावर जाऊ लागला की घरची मोटार सुट्टीच्या दिवसापुरती उरते, आणि मे महिन्यात किंवा गणपतीत कुटुंब गावी गेले की ती सलग काही आठवडे इमारतीखाली उभीच राहते. परतल्यावर चावी फिरवली असता नुसताच टकटक आवाज येतो, दिवे मिणमिणतात आणि बॅटरी ‘उतरली’ असे निदान होते. मात्र बॅटरी उतरणे आणि बॅटरी कायमची निकामी होणे या दोन भिन्न अवस्था आहेत. त्यांच्यातील अंतर बहुतांशी काळाने ठरते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे वाचू शकणाऱ्या बॅटऱ्या भंगारात जातात, तर वाचू न शकणाऱ्यांवर व्यर्थ खटपट होते.

मोटारीत सर्वसाधारणपणे वापरली जाणारी बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये हा प्रकार शोधला आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरीत सहा कप्पे असून प्रत्येक कप्पा हा सुमारे 2.1 व्होल्टचा एकेक घट, म्हणजे बोलीभाषेतला ‘सेल’, असतो. घटातील धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड आणि ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे असते, तर दोन्ही पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडलेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हा आम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन तेथे शिशाचे सल्फेट तयार होते आणि द्रवात पाण्याचे प्रमाण वाढत जाते. उलट दिशेने वीज सोडली की सल्फेट पुन्हा द्रवात परतते. बॅटरी चार्ज करणे म्हणजे ही उलटी क्रिया घडवून आणणे होय.

उभ्या गाडीची वीज दोन वाटांनी जाते. पहिली वाट बॅटरीच्या आतली असून तिला स्वयंविसर्जन म्हणतात. काहीही न जोडता ठेवलेली बॅटरीही हळूहळू रिकामी होते, आणि तापमान वाढेल तसा हा वेग वाढत असल्याने कोकणपट्टीतील उन्हाळा तिला मानवत नाही. दुसरी वाट गाडीच्या उपकरणांची आहे, कारण गाडी बंद असली तरी घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा, रिमोट कुलूप आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक थोडी थोडी वीज घेतच राहतात. निर्दोष गाडीतही हा प्रवाह सहसा 20 ते 50 मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरच्या पन्नासाव्या ते विसाव्या भागाइतका असतो.

हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्याचा हिशेब 2020 साली घरोघरी दिसून आला. त्या वर्षी 25 मार्चपासून 31 मेपर्यंत, म्हणजे 68 दिवस, देशव्यापी टाळेबंदी होती आणि असंख्य खासगी गाड्या जागच्या हलल्या नाहीत. केवळ 20 मिलिअँपियरचा प्रवाह 68 दिवस चालू राहिला तर सुमारे 33 अँपियर-तास वीज खर्च होते, आणि लहान मोटारीच्या बॅटरीची एकूण क्षमताच 35 अँपियर-तासांच्या आसपास असते. एक अँपियर प्रवाह एक तास वाहिला की होणाऱ्या खर्चाला एक अँपियर-तास म्हणतात. म्हणजे बॅटरीत कोणताही दोष नसताना ती जवळजवळ रिकामी होणे हे साध्या गुणाकारानेच अटळ होते. प्रवाह 50 मिलिअँपियर असेल तर तीच स्थिती महिन्याच्या आतच येते.

रिकामी झालेली बॅटरी लगेच चार्ज केली तर ती बहुधा पूर्ववत होते, कारण पट्ट्यांवरचे ताजे सल्फेट बारीक कणांचे असते आणि सहज विरघळते. ती तशीच पडून राहिली तर मात्र त्या कणांचे मोठे, कठीण स्फटिक बनतात, ते वीज वाहू देत नाहीत आणि पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो. या क्रियेला सल्फेटीकरण म्हणतात. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मरते ती मुख्यतः या कारणाने. म्हणून उतरलेली बॅटरी आढळल्यावर ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे म्हणणे हेच तिच्यासाठी सर्वांत घातक ठरते.

उपचारापूर्वी तपासणी हवी. काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचा विद्युतदाब मल्टिमीटरवर 12.6 व्होल्ट किंवा अधिक असेल तर ती भरलेली, 12.2 च्या आसपास असेल तर अर्धी आणि 12 च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. आकडा 10.5 च्या जवळ असून चार्ज केल्यानंतरही तेथेच थांबत असेल तर सहापैकी एक सेल गेल्याचा दाट संशय घ्यावा, कारण 12.6 मधून एका सेलचे 2.1 व्होल्ट वजा केले की हाच आकडा उरतो. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर या द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाने प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे तपासता येतो, आणि पाच कप्पे सुधारत असताना एकच मागे राहिला तर दोष नेमका कोठे आहे ते कळते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून इंजिन सुरू करणे, म्हणजे जंपस्टार्ट, हा अडचणीतला मार्ग आहे. तो उपचार नव्हे. तो करताना लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे आणि काढताना हा क्रम उलटा करावा. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, हे या काळजीचे कारण आहे. इंजिन सुरू झाल्यावर दिघ्याहून ठाण्यापर्यंत एक फेरी मारली की बॅटरी भरते, ही समजूतही चुकीची आहे. गाडीचा अल्टरनेटर खर्च झालेली थोडी वीज भरून काढण्यासाठी बनवलेला असतो, पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यासाठी नव्हे.

खरा उपचार संथ चार्जिंगचा आहे. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे 35 अँपियर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपियर, आणि फार उतरलेली असल्यास त्याहूनही कमी प्रवाह दहा-बारा तास किंवा अधिक द्यावा लागतो. घाईने दिलेला मोठा प्रवाह बॅटरी तापवतो आणि पट्ट्यांचे नुकसान करतो. इमारतीच्या वाहनतळावर प्लगची सोय नसेल तर बॅटरी काढून, सरळ उभी धरून, बॅटरीवाल्याच्या दुकानात चार्जिंगला लावावी. दाटीच्या वस्तीत बंद खोलीत ती चार्ज करू नये. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेले चार्जिंगनंतर भरावे, कारण चार्ज होताना द्रवाची पातळी वाढते. आम्ल मात्र वरून कधीही घालू नये. एक रात्र विश्रांती दिल्यावर दाब 12.6 व्होल्टच्या आसपास टिकला तर बॅटरी सावरली. तो झपाट्याने खाली आला तर सल्फेटीकरणाने तिची क्षमता संपली, असे मान्य करून नवी घ्यावी.

निकामी बॅटरीही वाऱ्यावर सोडण्याची वस्तू नव्हे. तिच्यातील शिसे विषारी आहे आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने कायमची हानी पोहोचते. शिवाय ते वितळवून पुन्हा वापरता येते. देशात 2001 पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत, 2022 च्या नव्या नियमांनी त्यांची जागा घेतली, आणि नवी बॅटरी घेताना जुनी देऊन किमतीत सूट मिळवण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली आहे. रस्त्याकडेला आम्ल ओतून शिसे वितळवणाऱ्याच्या हाती बॅटरी देणे म्हणजे परिसरातील माती आणि पाणी विकणे होय.

या साऱ्या खटाटोपापेक्षा प्रतिबंध कितीतरी सोपा आहे. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर, गाडीच्या पुस्तिकेत मनाई नसल्यास, निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि तिच्या ऋण टर्मिनलची केबल पान्याने सैल करून बाजूला ठेवावी; परतल्यावर घड्याळाची वेळ पुन्हा लावावी लागेल, पण बॅटरी वाचेल. गावाला निघताना घराला कुलूप लावून नळ बंद आहेत ना हे जसे पाहिले जाते, तसे गाडीचे बॉनेट उघडून पाच मिनिटे देण्याची सवय प्रत्येक गाडीमालकाने लावून घ्यावी.