कलाकृति कीं कारागिरी?

१९२६ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्क बंदरांत आलेल्या एका आगबोटीवरून कॉन्स्टांटिन ब्रांकुशी या पॅरिसवासी रुमानियन शिल्पकाराच्या कृति उतरविण्यांत आल्या. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें कलाकृतीवर जकात नसे; धातूच्या तयार मालावर मात्र शेंकडा ४० जकात पडे. या कृतींपैकीं एक वस्तु ब्राँझची, सुमारें साडेचार फूट उंच, मध्यें किंचित् फुगीर, वर निमुळती होत गेलेली आणि आरशासारखी लखलखीत होती. तिचें नांव 'अवकाशांतील पक्षी'. तिला पंख नव्हते, चोंच नव्हती, पायहि नव्हते. जकात-अधिकाऱ्यांना तींत पक्षी दिसला नाहीं व कलाहि दिसली नाहीं. स्वयंपाकघरांतील भांडीं आणि इस्पितळांतील सामान ज्या वर्गांत मोडे, त्याच वर्गांत तिची नोंद झाली आणि ६०० डॉलर किंमतीच्या त्या वस्तूवर २४० डॉलरांची जकात बसली.

ती विकत घेणारा गृहस्थ म्हणजे प्रसिद्ध छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन. जकात भरून प्रकरण मिटविण्याऐवजीं त्यानें व त्याच्या मित्रमंडळींनीं न्यायालयाची वाट धरली. गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटने या श्रीमंत शिल्पकर्तीनें वकिलांच्या खर्चाचा भार उचलला. प्रश्न २४० डॉलरांपुरता नव्हता. १९१६ सालच्या एका निकालांत अमेरिकन न्यायालयानें शिल्पकलेची व्याख्याच करून ठेवली होती: नैसर्गिक वस्तूंचें, मुख्यतः मानवी देहाचें, यथाप्रमाण अनुकरण तें शिल्प. ही व्याख्या कायम राहती, तर ओळखीच्या आकाराची नक्कल न करणारी प्रत्येक मूर्ति अमेरिकेच्या दारांत भांडें ठरली असती. शिवाय १९२२ च्या कायद्याच्या आणखी अटी होत्या. वस्तु अस्सल असावी, व्यावसायिक शिल्पकारानें ती स्वहस्तें घडविलेली असावी आणि तिला व्यावहारिक उपयोग नसावा. कलेची व्याख्या म्हणून या अटींना फारसें मोल नाहीं. कचेरींतल्या कारकुनाला जेवढें तपासतां येतें तेवढेंच त्यांत पकडलेलें आहे. पण पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि मनांत याच अटी बाळगून असतात, म्हणून त्या लक्षांत ठेवाव्यात.

१९२७ च्या ऑक्टोबरांत साक्षी सुरू झाल्या. ही वस्तु पक्ष्यासारखी दिसत नसतां तिला पक्षी कसें म्हणतां, असें न्यायमूर्ति वेट यांनीं स्टायकेनला विचारलें. ती पक्ष्यासारखी दिसत नाहीं, पण पक्षी आहे असें जाणवतें, असें त्याचें उत्तर होतें. रानांत ती दिसली असती तर तुम्ही तिच्यावर बंदूक झाडली नसती ना, असेंहि त्याला विचारण्यांत आलें. हा प्रश्न आज हास्यास्पद वाटतो. परंतु कायदाच जेथें अनुकरणाची अट घालीत होता, तेथें न्यायाधीशानें दुसरें काय विचारावें? शिल्पकार जेकब एपस्टाइन यानें हजारों वर्षांपूर्वींचा इजिप्तमधील एक दगडी ससाणा पुढें ठेवला. त्यांतहि पिसें किंवा पाय रेखलेले नव्हते, तरी त्याला कला म्हणण्यास कोणी कचरत नव्हतें. सरकारपक्षातर्फें आलेले रॉबर्ट एटकेन व थॉमस जोन्स या शिल्पकारांनीं मात्र ब्रांकुशीची वस्तु कलाकृति नव्हे, असें स्पष्ट सांगितलें.

खरा मुद्दा निघाला तो एपस्टाइनच्या उलटतपासणींत. एखादा कुशल कारागीर ब्राँझची कांब घेऊन तिला असाच आकार व अशीच झिलई देऊं शकणार नाहीं काय, असा तो प्रश्न होता. त्यावर त्याचें म्हणणें असें पडलें कीं, कारागीर झिलई देईल, पण वस्तूची कल्पना त्याला करतां येणार नाहीं. साऱ्या खटल्यांतलें हें सर्वांत मोलाचें उत्तर; तरी तें अर्धेंच आहे. कल्पना कारागीरहि करतो. नव्या घाटाचा पाळणा घडविणारा सुतार हात चालविण्याआधीं डोकें चालवितोच. तेव्हां कल्पना असणें वा नसणें हा भेद नव्हे. ती कल्पना केव्हां व कोठें पुरी होते, हें पाहिलें पाहिजे.

या दृष्टीनें ब्रांकुशीची स्वतःची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तो १८७६ सालीं रुमानियांतील एका खेड्यांत, शेतकरी कुटुंबांत जन्मला. त्याचें पहिलें शिक्षण क्रायोव्हा येथील कारागिरीच्या शाळेंत झालें. बुखारेस्टची कलाशाळा व पॅरिस हीं त्यानंतरचीं. म्हणजे ज्याच्या कृतीला न्यायालयांत कारागिराचें काम म्हणून हिणविण्यांत आलें, तो मुळांत कारागीरच होता आणि त्याची त्याला लाज नव्हती. या खटल्यासाठीं दिलेल्या निवेदनांत त्यानें आपल्या कामाची रीत सांगितली आहे. पक्ष्याची कल्पना त्याला १९१० मध्यें सुचली. तिचा प्लास्टरचा नमुना झाला. ओतकाऱ्याला धातूंच्या मिश्रणाचें प्रमाण त्यानेंच ठरवून दिलें. ओतीव मूर्ति हातीं आल्यावर तिचीं छिद्रें बुजविणें, दोष काढणें, कानसीनें व अतिशय बारीक कुरुंदानें घासून झिलई चढविणें हें सर्व त्यानें कोणाच्या मदतीवांचून केलें. या कामास फार वेळ लागतो, असेंहि त्यानें नमूद केलें आहे.

एवढ्यावर तो थांबता तर प्रश्न सुटला नसता. पण 'अवकाशांतील पक्षी' हा एकच नाहीं; संगमरवराचे सात व ब्राँझचे नऊ असे सोळा पक्षी त्यानें वीसेक वर्षांत घडविले. कोठें पायथा बारीक झाला, कोठें फुगवटा किंचित् वर सरकला, कोठें उंची वाढली. आकार एकदां ठरून गेला असता तर पुढचे पंधरा पक्षी बरहुकूम नकला झाले असते, आणि नकला काढण्यास ओतकारी पुरेसा होता. परंतु आकार ठरलाच नव्हता. कानस चालवितां चालवितां तो सांपडत होता. 

हाच विचार आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञानें १९३८ च्या आपल्या कलाविषयक ग्रंथांत मांडला. कारागिरींत काय साधावयाचें हें आधीं ठाऊक असतें आणि साधनें त्याप्रमाणें योजलीं जातात. कलेंत काय म्हणावयाचें होतें, हें तें म्हणून झाल्यावरच कलावंताला उमगतें. विळ्याची मागणी आली कीं लोहाराला पातें, मूठ, धार यांचा अंदाज ऐरणीवर घण पडण्यापूर्वींच असतो. त्यांत कमीपणा कसला? विळा कापीत नसेल तर लोहाराची चूक शेतकरीहि दाखवूं शकतो. कलावंताला मात्र असें बाहेरचें माप मिळत नाहीं. एकच वस्तु कारागिरीहि असेल व कलाहि असेल, हें कॉलिंगवुडला मान्य होतें. त्याचे पुष्कळसे वाचक हें वाक्य विसरतात.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादींत गीत, नृत्य, आलेख्य यांच्याच पंक्तीला माळा गुंफणें, तांदूळ व फुलें यांची रचना, शिवणकाम, पाककृति आणि सुतारकी बसविलेलीं आहेत. त्यावरून प्राचीनांना हा भेद मान्यच नव्हता, असें अनुमान काढण्यांत येतें. तें घाईचें आहे. ती यादी सुसंस्कृत व्यक्तीनें काय काय शिकावें याची आहे; शिकलेलें कौशल्य केव्हां कौशल्याच्या पलीकडे जातें, याविषयीं ती मुकी आहे.

२६ नोव्हेंबर १९२८ रोजीं निकाल ब्रांकुशीच्या बाजूनें लागला. अनुकरणाऐवजीं अमूर्त कल्पना साकार करूं पाहणारा नवा संप्रदाय उदयास आला आहे, तो आवडो वा न आवडो, त्याचें अस्तित्व ध्यानांत घेतलें पाहिजे, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें. अनुकरणाची अट ढिली झाली. उपयोगाची व व्यवसायाची अट मात्र राहिली, आणि त्या दोन्ही किती तकलादू होत्या हें पुढें दिसून आलें.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनीं ब्रांकुशीकडून ब्राँझचा एक आणि काळ्या व पांढऱ्या संगमरवराचा एकेक असे तीन पक्षी घेतले. ध्यानासाठीं एक मंदिर बांधून तेथें ते ठेवावे, असा बेत होता व त्यासाठीं १९३७-३८ च्या हिवाळ्यांत ब्रांकुशी इंदुरास येऊनहि गेला. ध्यानाला साहाय्य करणारी मूर्ति उपयोगाची म्हणावी कीं निरुपयोगी? मंदिर झालेंच नाहीं. दोन संगमरवरी पक्षी १९७३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहासाठीं खरेदी झाले.

दुसरी अट मोडली ती त्याच व्हिटनेबाईंनीं १९३० सालीं स्थापिलेल्या न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत. तेथें २००२ सालीं अलाबामा प्रांतांतील जीज बेंड या खेड्याच्या गोधड्या भिंतींवर लागल्या. त्या शिवणाऱ्या निग्रो स्त्रिया गुलामांच्या वंशांतल्या, शेतांत राबणाऱ्या. लुगडीं व धोतरें जीर्ण झालीं कीं त्यांच्या घड्या घालून धावदोऱ्यानें गोधडी शिवण्याची रीत महाराष्ट्रांतहि घरोघर होती. तीच गरज तिकडेहि. थंडी वाजते म्हणून शिवावयाचें आणि जें कापड उरलें असेल त्यानें शिवावयाचें. व्यावसायिक कलावंत त्यांत कोणी नव्हती आणि प्रत्येक वस्तु उघडउघड उपयोगाची होती. १९२२ च्या कायद्यापुढें त्यांतली एकहि टिकली नसती.

त्या गोधड्यांपैकीं बऱ्याच ठराविक वळणाच्या, सुबक व ऊबदार आहेत. त्यांना चांगली कारागिरी म्हणण्यांत त्यांचा अपमान नाहीं. कांहीं मात्र निराळ्या आहेत. मिसूरी पेटवे हिचा पति वारला, तेव्हां १९४२ सालीं तिनें त्याचे कामावरचे कपडे उसवून त्यांची गोधडी केली. त्याची आठवण रहावी आणि तिच्याखालीं निजतां यावें, असा तिचा हेतु होता, असें तिची मुलगी सांगे. विटलेल्या निळ्या व करड्या कापडाचे लांबरुंद तुकडे, कोठें मातीचे डाग, कोठें शिवण उसवून राहिलेल्या गडद रेघा, आणि मध्येंच थोडें तांबडें. कोणता तुकडा कोणाशेजारीं लावावा, हें तिला कोणत्याहि नमुन्यावरून ठरवितां येण्याजोगें नव्हतें.