गावच्या वर्कशॉपातले सीएनसी आणि कुलूप नसलेले सॉफ्टवेअर



सीएनसी म्हटले की मोठ्या कारखान्यातले लाखमोलाचे यंत्र डोळ्यांपुढे येते. पण आज आयटीआयला जाणारी पोरे तीन-चार मोटारी, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि एक छोटा राऊटर जोडून घरच्या पडवीत असे यंत्र उभे करू शकतात. "हा पोरखेळ की कामाची गोष्ट?" असे कोणी बाप विचारील. त्याचे उत्तर बरेचसे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

सीएनसी म्हणजे आकड्यांच्या आज्ञेने चालणारे हत्यार. आज्ञांची भाषा जी-कोड. 'जी-१ एक्स १०० एफ ३००' याचा अर्थ, आडव्या दिशेला १०० या खुणेपर्यंत मिनिटाला ३०० मि.मी. वेगाने सरळ जा. ही ओळ वाचून मोटारींना विजेचे ठोके देण्याचे काम सॉफ्टवेअर करते.

हौशी माणसाच्या आवाक्यात अशी दोन सॉफ्टवेअरे विशेष आहेत. पहिले लिनक्ससीएनसी. त्याचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या कामात आहे. ते काम सर्वांना खुले झाले आणि पुढे जगभरच्या कारागिरांनी वाढवले. दुसरे जीआरबीएल. ते २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरूड यांनी लिहिले. आर्डुइनो नावाच्या तळहाताएवढ्या बोर्डावर ते चालते. त्या बोर्डाची प्रोग्रॅम साठवण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट! नवशिक्याने जीआरबीएलपासून सुरुवात करावी हे बरे.

दोन्ही 'ओपन सोर्स' आहेत. म्हणजे मूळ लिखाण कोणीही वाचावे, वापरावे, बदलावे. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला दिली, तर तिचे मूळ लिखाणही त्याला द्यावे लागते. सहकारात वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पोटनियम सर्वांना वाचायला खुले असतात, तसेच हे. याउलट बंद सॉफ्टवेअरच्या यंत्राचा विकणारा दुकान गुंडाळून गेला, की धडधाकट यंत्रही अडून बसते. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीची वाट कायम मोकळी राहते. पण हमीपत्र मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. जबाबदारी वापरणाऱ्याची.

आता मांडणी. बोर्डावर जीआरबीएल चढवावे, ड्रायव्हर व मोटारी जोडाव्यात आणि संगणकावर युनिव्हर्सल जी-कोड सेंडर हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा. मग हिशेब येतो. नेहमीची स्टेपर मोटार २०० पावलांत एक फेरा घेते. ड्रायव्हरने पावलाचे १६ भाग केले, तर फेऱ्याला ३,२०० ठोके लागतात. स्क्रू एका फेऱ्यात ८ मि.मी. सरकवत असेल, तर ३,२०० भागिले ८, म्हणजे एका मिलिमीटरला ४०० ठोके. हा आकडा सेटिंगमध्ये भरावा. मग १०० मि.मी. चाल सांगून मोजावे. ९९ च भरले, तर ४०० गुणिले १०० भागिले ९९, म्हणजे ४०४.०४ असा नवा आकडा निघतो. पण घाई करायची नाही. आधी कपलिंगचा स्क्रू ढिला आहे का ते बघायचे. ढिला नट आकडा बदलून झाकला, तर आज माप जमेल आणि उद्या पुन्हा बिघडेल.

लिनक्ससीएनसी वापरणाऱ्याने संगणकाची परीक्षा आधी घ्यावी. ठोका वेळेवर पडतो की उशिरा, हे मोजण्याची सोय त्यात आहे. संगणकाला इतर कामे लावून ती चाचणी बराच वेळ चालू ठेवावी. नुसत्या रिकाम्या संगणकावर घेतलेली चाचणी फसवी असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिवाची काळजी. साधी स्टेपर मोटार आपण कुठे आहोत हे कळवत नाही. हत्यार अडले आणि पावले चुकली, तरी यंत्र पुढे रेटतच राहते. लाइट जाऊन आल्यावर मर्यादा-स्विचांवर नेऊन जागा पुन्हा ठरवल्याखेरीज काम सुरू करू नये. मधेच संगणक बंद पडला, तर बोर्डाला आधी पोचलेल्या आज्ञा संपून चाल थांबेल, पण कटर फिरतच राहू शकते. म्हणून हातापाशी लाल बटण हवेच, आणि ते मोटारींची व कटरची वीज थेट तोडणारे हवे. पहिली फेरी कटर काढून हवेतच चालवावी. डोळ्यांना चष्मा हवा आणि सैल बाही नको.

असे यंत्र मिलचा रोलर कातणार नाही. पण पेरणी यंत्राची बियाण्याच्या आकाराप्रमाणे भोके असलेली प्लास्टिकची तबकडी, ओतकामाचा लाकडी साचा, नावाची पाटी ही कामे त्याला जमण्याजोगी आहेत. ऐन पेरणीत तबकडी फुटली आणि सुटा भाग मिळाला नाही, तर एकेक दिवस किती मोलाचा असतो, ते शेतकऱ्यास ठाऊक आहे.

ही वाट अगदीच अनोळखी नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे, हा त्यांचा आग्रह. तेथेच २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबांत तिची गणना होते. संगणकाने चालणारी हत्यारे गावच्या पोरांच्या हाती द्यावीत, हा विचार एका कोरडवाहू गावाने इतक्या लवकर केला, याचे आम्हांस अगत्य वाटते. मुंबईच्या उपनगरात पवई येथील आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमातून खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही दिले आहेत. तेव्हा इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी मागे राहू नये.

एकट्याने सारे जुळवण्यापेक्षा चार-पाच घरांच्या पोरांनी मिळून एक यंत्र उभारावे. जुळलेले आकडे, झालेले बिघाड आणि त्यांची दुरुस्ती एका वहीत लिहून ठेवावी आणि ती वही पुढच्याला द्यावी. खुले सॉफ्टवेअर असेच वाढले आहे. उसाच्या पट्ट्यात उभा राहिलेला सहकारही असाच वाढला. तेव्हा पोराने पडवीत पसारा मांडला, तर त्याला रागावण्याआधी लाल बटण कुठे आहे, एवढे मात्र जरूर विचारावे.