शर्यतीतला घरगडी

समोरून वारा सुटला, की सपाट रस्ताही चढासारखा जड होतो, हे सायकलीने शाळा किंवा बाजार गाठणाऱ्या तुम्हां मंडळींना सांगायला नको. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर अडथळा चौपट. पण पुढे दुसरा सायकलवाला असेल आणि आपण त्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलो, तर आपले पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. या साध्या गोष्टीवर जगात एक अख्खा पेशा उभा आहे.

फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. आज ती तीन आठवडे, एकवीस टप्प्यांत चालते. २०१८ पासून प्रत्येक संघात आठ गडी असतात. त्यांतला एक म्होरक्या. बाकीचे बहुतेक त्याच्यासाठी राबणारे. त्यांना फ्रेंच भाषेत ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा घरगडी! १९११ साली मोरिस ब्रोको या स्वाराने दुसऱ्याला मदत केली, तेव्हा शर्यतीचे चालक देग्रांज यांनी हिणवण्यासाठी हा शब्द वापरला. पुढे शिवी गेली आणि तेच हुद्द्याचे नाव झाले.

हा गडी करतो तरी काय? सपाटीवर वारा अंगावर घेतो. मागे मोटारीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतो. कोणी पुढे निसटला, तर त्याचा पाठलाग करतो. घाटात वेग मंदावतो, आडोशाचा उपयोग कमी होतो. तिथे तो दमेपर्यंत चाल लावून देतो आणि मग मागे पडतो. पण त्याला थांबून चालत नाही. ठरल्या वेळेत टप्पा संपवला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो शर्यतीबाहेर!

१९३४ सालची गोष्ट घ्या. रने व्हिएतो हा वीस वर्षांचा पोरगा घाट चढण्यात पटाईत. पिरेनीज पर्वतात म्होरक्या आंतोनँ मान्य याचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून दिले आणि दुसरे येईपर्यंत वाट पाहत बसला. दुसऱ्या दिवशी तर मागे वळून त्याने सायकलच देऊन टाकली. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा आला. पुढे त्याने पुष्कळ वर्षे शर्यती केल्या, पण ही शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही. १९५२ साली इटलीच्या फाउस्तो कोप्पीचा मदतनीस आंद्रेआ कारेआ अवचित पहिल्या क्रमांकावर आला. मानाचा पिवळा सदरा अंगावर चढताच तो रडू लागला. धन्याला काय वाटेल, ही धास्ती! कोप्पीने मात्र त्याचे अभिनंदनच केले आणि दुसऱ्याच दिवशी तो सदरा स्वतः मिळवला.

यात त्याग आहे, पण हा नुसता त्याग नव्हे. ही मजुरी आहे आणि कसबही. गड्याचा करार बहुधा एकदोन वर्षांचा. निकालपत्रात त्याचे नाव कुठेतरी खाली. म्हणूनच विजेत्याने बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटण्याची रीत पडली आहे. त्यागाचे गोडवे गाऊन पोट भरत नाही. कामाची नोंद आणि दाम, दोन्ही हवीत.

आपल्याकडे १९४५ साली मुंबई-पुणे सायकल शर्यत सुरू झाली. तिच्यात बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवू लागले. राजाचे नाव होते. सपाटीवर वारा अडवणाऱ्याचे होत नाही. कोल्हापूरकरांना हे निराळे सांगायला हवे काय? खासबागेत गदा एकाच्याच खांद्यावर येते, पण तालमीत रोज त्याला लढत देणारे जोडीदार किती असतात!

गुरुजनहो, पुढच्या क्रीडादिनी निकाल वाचताना एक करून पाहा. पहिला कोण आला ते सांगा, आणि त्याच्याबरोबर रोज पहाटे कोण पळत होते, तेही नाव घेऊन सांगा.